इतिवृत्त, पान दोनशे चौदा

सव्वीस वर्षं मी केटल फोर्डच्या शाळा-मंडळाचं इतिवृत्त लिहिते.
दर महिन्याचा दुसरा सोमवार, संध्याकाळी सात,
वाचनालयाचं तळघर, घडीच्या खुर्च्या,
कॉफीच्या किटलीखाली जुना टॉवेल.
लोक घसा खरवडून बोलतात.
एकदा एकाने टोपी आपटली, एक बाई रडली.
मी लिहिलं : चर्चा झाली.
ठराव मंजूर.

इतक्या वर्षांत मी कुणाचं खोटं लिहिलेलं नाही.
खरं लिहिलं असंही नाही.

लायल हूपनर खजिनदार झाला
तेव्हा त्याचा अर्ज मीच टाइप केला.
व्यवसाय : निवृत्त.
छपरं घालण्याची त्याची कंपनी दोनदा बुडाली
आणि तिसऱ्यांदा बायकोच्या माहेरच्या नावाने उगवली,
हे अर्जात नव्हतं, कारण तसा रकाना नव्हता.
व्यायामशाळेचं छप्पर त्याच कंपनीने घातलं.
मतदानाच्या वेळी लायल पाणी प्यायला बाहेर गेला.
मी लिहिलं : एक सदस्य अनुपस्थित.

मार्चमध्ये बर्फ वितळलं
आणि व्यायामशाळेत पाणी मुरू लागलं.
खरं तर आधीपासूनच मुरत होतं,
फक्त आता ते बास्केटबॉलच्या फळ्यांवर दिसलं.

मग वर्ना क्लॉसन आली.
शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं, हातावर तव्याचे डाग.
तिने कागद मागवले होते. पानाला दहा सेंट, एकशे बारा पानं.
अकरा डॉलर वीस सेंट तिने माझ्याच टेबलावर
चिल्लर मोजून ठेवले होते.
मी पावती दिली. तिच्याकडे बघितलं नाही.

बोलायला तीन मिनिटं मिळतात.
दिवा हिरवा, मग पिवळा, मग लाल.
हिरव्यात तिने छपराचं सांगितलं.
पिवळ्यात ती अधीक्षकांकडे वळली :
"डॉक्टर टिबेट्स, अकरा वर्षांत तीन गावं सोडलीत तुम्ही.
तिन्ही गावांनी तुम्हाला सुंदर पत्रं दिली.
इतकी चांगली माणसं
गावं अशी सोडून का देतात?"
लाल.
तिने कागद पुन्हा नीट रचले, कोपरे जुळवले,
कारण ते तिने विकत घेतले होते.

मी लिहिलं : नागरिकांच्या सूचना ऐकल्या.

जूनमध्ये दार लावून बैठक झाली.
टिबेट्स राजीनामा देतील, आठ महिन्यांचा पगार घेतील,
कुणी कुणाबद्दल काही बोलणार नाही.
आणि एक पत्र.
पत्र मीच टाइप केलं.
प्रामाणिक. दूरदर्शी. मुलांचे लाडके.
"लाडके" लिहिताना माझी बोटं जराही अडखळली नाहीत.
तेच मला रात्री दोन वाजता आठवलं,
आणि तिन्ही गावांतल्या त्या तीन बायका,
माझ्यासारख्याच, चष्मा कपाळावर सरकवून
हाच शब्द टाइप करणाऱ्या.

वर्नाला त्या उन्हाळ्यात कामाचे तास कमी करून मिळाले.
तेही माझ्याच हातून गेलं.

ऑगस्टमध्ये फोन आला. गाव लांबचं, नाव आधी न ऐकलेलं.
आवाज बाईचा, मागे छपाईयंत्राची घरघर.
"डॉक्टर टिबेट्स यांच्याबद्दल विचारायचं होतं.
कसे होते?"

करार माझ्या कपाटात होता, सही माझ्या साक्षीने.
मी तारखा सांगितल्या. रुजू झाल्याची, सोडल्याची.
तिने लिहून घेतल्याचा आवाज आला.
आणखी काही?

खिडकीबाहेर लायलची गाडी उभी होती, शिडी बांधलेली.
छप्पर पुन्हा घालायचं होतं, नवा ठराव, नवा धनादेश.

"आमची इतिवृत्तं सगळ्यांना खुली आहेत," मी म्हटलं,
"मार्चचं मागवा. पान दोनशे चौदा.
पण त्यात फार काही सापडणार नाही.
ते मी लिहिलंय."

ती गप्प राहिली.

"जोडपत्र मागवा," मी म्हटलं. "एकशे बारा पानं.
पानाला दहा सेंट पडतात.
नाव लिहून घ्या. क्लॉसन. वर्ना क्लॉसन."
मग मी एकेक अक्षर सावकाश सांगितलं,
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
एक नाव पूर्ण.